पीएचडी झाली, आता काम कोण देणार?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या, म्हणजे मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या, फेलोशिपचा विषय विधान परिषदेत निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्यावर पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. गदारोळ झाला, खुलासे झाले, अधिवेशन संपलं. पण तो सवाल सभागृहात जन्मला नव्हता. आपल्या घराघरांत तो आधीपासून विचारला जातो, आणि संगणकशास्त्रात पीएचडी करणाऱ्याला तर जरा जास्तच जोरात. इतिहासात किंवा मराठीत संशोधन करणाऱ्याला लोक निदान ‘नोकऱ्या नाहीत, मग काय करणार बिचारा’ म्हणून सोडून देतात. संगणकवाल्याला ती सूट नाही. बी.ई. झाल्याबरोबर नोकरी लागत होती, मग पुढची पाच-सहा वर्षं कशासाठी घालवली? याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूनं ठरलेलं वाक्य येतं: ज्ञानाची किंमत पैशात करू नका. एक बाजू पॅकेज मोजते, दुसरी पदवीची आरती करते, आणि व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाल्यानंतर त्या माणसाचं काय होतं याबद्दल दोघंही गप्प राहतात.

माझी भूमिका आधीच सांगतो. पीएचडी ही उमेदवारी आहे. सुतारकामाची, छपाईची किंवा वकिलीची असते तशीच ही संशोधन नावाच्या कामाची उमेदवारी. उमेदवारी संपल्यावर कारखानाच नसेल तर दोष उमेदवाराला द्यायचा का? महाराष्ट्रात आपण संगणकशास्त्राचे उमेदवार वाढवत गेलो, संशोधन केंद्रांच्या पाट्या लावत गेलो, पण पदवीनंतर ते काम जिथे चालू ठेवता येईल अशा जागा फार थोड्या उभ्या केल्या. पीएचडी करावी की नाही यावर आपण तावातावानं बोलतो. पीएचडी झालेल्याला आपण काय करायला देतो, यावर आधी बोलायला हवं.

ही उमेदवारी म्हणजे नेमकं काय, हे माझ्या कामावरून सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला फक्त सोनेरी अक्षरांचा काळा प्रबंध दिसतो. माझा विषय होता मराठी मजकुरातला शोध. इंग्रजीत शब्द शोधणं त्या मानानं सोपं. मराठीत ‘घर’ शोधायला जावं तर तो ‘घराच्या’, ‘घरातून’, ‘घरासमोरच्यांनाही’ अशा रूपांत दडलेला असतो. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं, आणि त्याचे नियम हाती आले असं वाटतं तोच अपवाद समोर उभा राहतो. चाचणीसाठी जमवलेल्या प्रश्नांत एक प्रश्न होता, ‘गोठ्यात माशांचा त्रास उपाय’. आमच्या प्रोग्रॅमनं उत्तर म्हणून मत्स्यशेतीची पानं काढून दिली. मासा या शब्दाचं अनेकवचनी सामान्यरूप ‘माशां’, माशी या शब्दाचं ‘माश्यां’. फरक एका जोडाक्षराचा, आणि टाइप करताना बहुतेक जण तो करतच नाहीत. मग शेजारच्या शब्दांवरून अर्थ ओळखायचं ठरवलं. ‘गोठा’ जवळ असेल तर माशी, ‘तळं’ जवळ असेल तर मासा. पण आमचा सगळा मजकूर वर्तमानपत्रांतला होता आणि त्यात गोठा क्वचितच यायचा. म्हणून शेतीविषयक मजकूर गोळा करायला घेतला. त्या एका जोडाक्षरापायी चार महिने गेले.

आणि एके दिवशी आकडे एकदम सुधारले. मी धावत माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि अभिनंदन न करता एवढंच विचारलं, “चाचणीची वाक्यं शिकवणीच्या मजकुरात शिरली नाहीत ना? तपासलंस?” तपासलं नव्हतं. शिरली होती. एकच मजकूर दोन संकेतस्थळांवर जसाच्या तसा होता. एक प्रत शिकवणीत गेली होती आणि दुसरी चाचणीत, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमनं आधी पाठ केलेलं उत्तरच परीक्षेत लिहिलं होतं. दुरुस्ती केल्यावर सुधारणा उरली ती अगदी थोडी. त्या दुपारी मी जे शिकलो ते कुठल्याही कोर्सवर्कमध्ये नव्हतं. आपल्या हाती चांगला निकाल आला की सगळ्यात आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा. ही सवय अंगी बाणायला वर्षं लागतात, आणि शेजारी बसून ती लावणारं कुणीतरी लागतं. आज बँकेचं कर्ज कुणाला द्यायचं, कुठला एक्सरे संशयास्पद आहे, कुणाचा अर्ज बाद करायचा, हे यंत्रं ठरवू लागली आहेत. अशा वेळी ‘तपासलंस?’ हे विचारणारी माणसं समाजाला नकोत, असं कोण म्हणेल?

पदवीनंतर मी एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेलो. पहिला प्रश्न आला, “सहा वर्षांचा गॅप का आहे?” दुसरा, लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा अगदी प्राथमिक धडा. त्याच महिन्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलो. तिथे शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचीबद्दल विचारलं, “स्कोपसमधले पेपर किती?” मी आकडा सांगितला, तो रकान्यात भरला गेला. कंपनीला माझी सहा वर्षं रिकामी दिसली आणि महाविद्यालयाला त्या वर्षांतला फक्त एक आकडा दिसला. मी काय केलं, कुठे चुकलो, काय सापडलं, हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यातले काही फार भक्कम आहेत, आणि ते टाळून पीएचडीची बाजू मांडणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पहिला मुद्दा पैशांचा आणि वयाचा. २०२३ मध्ये वाढ झाल्यानंतर कनिष्ठ संशोधन फेलोशिप महिना ३७ हजार झाली, वरिष्ठ ४२ हजार. पंतप्रधान संशोधन फेलोशिपचे ७० ते ८० हजार मोजक्यांच्या वाट्याला येतात. संलग्न महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांत नाव नोंदवणारे बहुतेक जण तर पदरमोड करून, नोकरी सांभाळून प्रबंध लिहितात. सारथी आणि तिच्यासारख्याच बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या विद्यार्थ्यांना हक्काच्या फेलोशिपसाठी आंदोलनाला बसावं लागलेलं आपण पाहिलं आहे. वर्गमित्र फ्लॅटचे हप्ते फेडत असतो आणि हा रूमचं भाडं देण्यासाठी फेलोशिप जमा होण्याची वाट पाहतो. मुलींच्या बाबतीत तर प्रत्येक वर्षी घरातून ‘अजून किती?’ हा प्रश्न येतो. हे सगळं मला पूर्ण मान्य आहे. ज्या घरावर कर्ज आहे, त्या घरातल्या मुलाला ‘ज्ञान हेच धन’ असं सुनावण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण या युक्तिवादातून काय निघतं? फेलोशिप वेळेवर द्या, पुरेशी द्या, पाच वर्षांचं काम नऊ वर्षं रेंगाळू देऊ नका, हे निघतं. पदवी निरुपयोगी आहे, हे निघत नाही. एसटी वेळेवर येत नाही म्हणून गावाला जायचं कारणच नव्हतं, असं आपण म्हणत नाही.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. पीएचडी न करता अव्वल दर्जाचं संशोधन करणारी माणसं आहेत, आणि त्यातलं एक नाव पुण्याशी जोडलेलं आहे. आजच्या बहुतेक भाषिक एआयचा पाया ज्या २०१७ च्या शोधनिबंधानं घातला, त्याच्या आठ लेखकांत निकी परमार आहेत. त्या पुण्याच्या पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. पुढे अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून एम.एस. केलं, पीएचडी नाही. त्याच निबंधाचे पहिले लेखक आशिष वासवानी यांनी त्याच विद्यापीठातून पीएचडी केली आहे. दोघांची नावं एकाच पानावर. मग पदवीनं काय फरक पडला?

हा प्रश्न विचारणारे एक गोष्ट सोडून देतात. हे काम झालं ते गुगलच्या संशोधन विभागात. तिथे शेजारच्या टेबलावर अनुभवी संशोधक होते, यंत्रं होती, फसलेल्या प्रयोगांना मुभा होती आणि ‘तपासलंस?’ असं रोज विचारणारे सहकारी होते. म्हणजे उमेदवारी झालीच, फक्त तिला पदवीचं नाव नव्हतं. असे किती विभाग आज महाराष्ट्रात आहेत? जिथे असं वातावरण कंपनीत मिळतं तिथे पीएचडीविना भागेल, हे मी आनंदानं मान्य करतो. जिथे ते मिळत नाही तिथे विद्यापीठ ही एकच जागा उरते. पीएचडीविना यशस्वी झालेल्यांचं उदाहरण म्हणूनच उलट आपल्यावर येतं. ज्या समाजानं कंपन्यांत संशोधनाच्या जागा उभ्या केल्या नाहीत, त्याला विद्यापीठातली जागाही मोडीत काढणं परवडणारं नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे हळू आवाजात बोलतात. प्रबंध लिहून मिळतात. पैसे भरून पेपर छापून येतात. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण हा बाजार का उभा राहिला? आपण पदवीला बढतीशी आणि वेतनवाढीशी बांधलं म्हणून. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या नियमांत विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी अनिवार्य केली. अंमलबजावणी जुलै २०२१ पासून होणार होती, ती २०२३ पर्यंत पुढे गेली आणि २०२३ मध्ये अटच काढून नेट-सेट ही पात्रता परीक्षा पुरेशी ठरवली. अभियांत्रिकीत सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर आजही पीएचडी लागते. अट घालणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण ज्या महाविद्यालयात संशोधनाला वेळ नाही आणि ग्रंथालयात एकही चांगलं नियतकालिक येत नाही, तिथल्या पंचेचाळिशीच्या शिक्षकाला ‘पदवी आण, नाहीतर बढती विसर’ असं सांगितलं तर तो काय करेल? त्यानं पदवी आणली. खोट्या प्रबंधांवर कारवाई झालीच पाहिजे, त्यात मार्गदर्शकही सुटता कामा नये. पण खोटी नाणी चालतात म्हणून खऱ्या नाण्याची टांकसाळ बंद करणं हा उपाय होत नाही.

एक चूक मात्र आमच्या, म्हणजे पीएचडीच्या बाजूनं बोलणाऱ्यांच्या पदरात घालायला हवी. ‘इतकं शिकून शेवटी कंपनीतच गेला, वाया गेला’ हे वाक्य मी विद्यापीठांच्या आवारात अनेकदा ऐकलं आहे. या विषयाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो असं म्हणणार नाही. एडगर कॉड आयबीएममध्ये नोकरीला होते. १९६५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विषय होता स्वतःची प्रत तयार करू शकणाऱ्या काल्पनिक यंत्रांचा, म्हणजे व्यवहाराशी सुतराम संबंध नसलेला. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, आयबीएममध्येच त्यांनी माहिती कोष्टकांच्या रूपात कशी साठवावी याचा सिद्धान्त मांडला. आज बँकेचं खातं काय किंवा निकालाची यादी काय, बहुतेक सगळं त्याच विचारावर उभं आहे. प्रबंधाचा विषय बाजूला राहिला, विचार करण्याची रीत कामाला आली. आपल्याकडेही आनंद देशपांडे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून संगणकशास्त्राची पीएचडी करून परतले आणि १९९० मध्ये पुण्यात त्यांनी पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. याला वाया जाणं म्हणायचं का?

पुण्याला तर अशा जागा उभ्या करण्याचा वारसाच आहे. टाटांनी १९८१ मध्ये इथे संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र काढलं, तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे काय हेही बहुतेकांना माहीत नव्हतं. १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली. अमेरिका हवा तो महासंगणक देत नव्हती, म्हणून सरकारनं पैसे दिले, मुदत दिली, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. विदर्भातल्या मुरंबा नावाच्या खेड्यातून निघून दिल्ली आयआयटीत पीएचडी केलेल्या माणसाला काम नेमून दिलं गेलं, माणसं निवडण्याची मोकळीक दिली गेली, म्हणून ते झालं. त्याच्याही आधी, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आर. नरसिंहन यांनी तरुण अभियंत्यांना घेऊन टिफ्रॅक हा संगणक बांधला. १९६० मध्ये तो सुरू झाला. नरसिंहन यांची डॉक्टरेट गणितातली होती. संगणकशास्त्रात तेव्हा अमेरिकेतही कुणालाच डॉक्टरेट मिळालेली नव्हती.

तिथे ती पहिल्यांदा मिळाली १९६५ मध्ये. पहिल्या मानकऱ्यांत एक ख्रिस्ती जोगीण होती, सिस्टर मेरी केनेथ केलर. त्या पुढे कुठल्या बड्या प्रयोगशाळेत गेल्या नाहीत. आयोवा राज्यात, डब्युक नावाच्या छोट्या शहरातल्या क्लार्क कॉलेजात त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग काढला आणि सुमारे वीस वर्षं तो चालवला. मला हे उदाहरण सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण आपल्याकडे संगणकशास्त्राचे बहुसंख्य डॉक्टर अशाच लहान गावांतल्या महाविद्यालयांत जाणार आहेत. फरक इतकाच की केलरबाईंना विभाग उभा करू दिला गेला. आपल्याकडे त्यांच्या वाट्याला आठवड्याला सोळा तास, वर प्रॅक्टिकलच्या बॅचेस, टर्मवर्क, महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे नॅकच्या फायली आणि प्रवेशाच्या हंगामात शाळाशाळांत फिरून विद्यार्थी जमवणं आलं असतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या आणि तिथेच विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं. शिकवणं आणि शोधणं एका छताखाली चालतं, हे आपल्याच राज्यात सुमारे सत्तर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. मग आजच्या शिक्षकाकडून आपण शोधणं काढून का घेतलं?

पैसा कुठून आणायचा, हा पुढचा आक्षेप. देश सकल उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो आणि त्यातही खासगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी आहे. पुण्यात आणि मुंबईत एवढ्या सॉफ्टवेअर कंपन्या असताना त्यांतल्या किती जणींनी संशोधकांची दहा जणांची का होईना, तुकडी ठेवली आहे? सरकारनं तरी सगळं नव्यानं उभारायची गरज नाही. पीएचडी झालेल्या शिक्षकाचा भार सोळावरून आठ तासांवर आणा आणि उरलेल्या वेळाचा हिशेब कामातून मागा, पेपरच्या संख्येतून नको. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसं राबवणं थांबवा. आणि राज्याच्या गरजेचे प्रश्न नेमून द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार झाले. मराठीसाठी बोलणं ओळखणारं, अर्थ लावणारं, चूक दाखवणारं सॉफ्टवेअर कोण करणार? मितेश खापरा यांनी मुंबईच्या आयआयटीत पीएचडी केली, आयबीएमच्या संशोधन विभागात काम केलं आणि मग मद्रास आयआयटीत जाऊन एआयफॉरभारत उभं करण्यात पुढाकार घेतला. भारतीय भाषांचं फार मोठं काम आज तिथून होतं, त्यात मराठीही आहे. याचा मला आनंदच आहे. पण मुंबईत शिकलेल्या माणसाला हे काम उभं करायला चेन्नईत जागा मिळाली, या गोष्टीवर आपल्या विधिमंडळात कधी चर्चा व्हायला नको का?

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत. संगणकशास्त्रात पीएचडी, नेमणूक तासिका तत्त्वावर. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर त्या चार-पाच मुलांना घेऊन लॅबमध्ये बसतात. गावातल्या कृषी सेवा केंद्रांत शेतकरी मोबाइलवर काय बोलून शोधतात, ते मुलं जाऊन लिहून आणतात. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा वहीत सहाशेच्या वर नोंदी होत्या. ‘हुमणी’, ‘मावा’, ‘लाल्या’ अशी पिकांवरच्या किडी-रोगांची नावं, आणि प्रत्येक नोंदीसमोर यंत्रानं ऐकलेला चुकीचा शब्द. एका मुलीनं मला विचारलं, “सर, मावा म्हटलं की ते मिठाईचं दुकान दाखवतंय. हे कसं सोडवायचं?” मी काही बोलायच्या आत मॅडमनीच तिला विचारलं, “आधी सांग, किती जणांच्या आवाजावर तपासलंस?” लॅबची वीज कॉलेज देतं, इंटरनेट त्या स्वतःच्या मोबाइलवरून देतात. येत्या जूनमध्ये त्यांची नेमणूक पुन्हा होणार की नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.